चौदा गोदामांना एकच प्रश्न

वैजयंती सबनीस नोएडात राहायला आली तेव्हा सत्तावीस सेक्टरात माणसांपेक्षा मोर जास्त दिसायचे. रस्ते आखलेले, चौकांना नंबर दिलेले, आणि दोन ओळी घरं संपली की पुढे नुसती मोहरीची शेतं. दिल्लीतले नातेवाईक विचारायचे, यमुना ओलांडून त्या जंगलात कशाला गेलात? सुधाकर, तिचा नवरा, बँकेत नोकरीला होता. तो हसून सांगायचा की दिल्लीत आम्हाला परवडेल असं जे घर होतं त्यात एकतर आम्ही मावलो असतो नाहीतर आमचं कपाट.

वैजयंतीचं माहेर दिल्लीतलंच. तिचे वडील अण्णासाहेब हिंदूराव हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे उभे राहून निवृत्त झाले. टेकडीखाली मलकागंजला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचायचं, एकदा हातात घेताना आणि एकदा हातातून देताना, हे तिला त्या घरात बाराखडीबरोबर शिकवलं गेलं. पुढे तिने गणितात एम.ए. केलं, करोलबागेतल्या एका शाळेत शिकवलं. पण नोएडाहून करोलबाग म्हणजे दोन बसेस आणि अर्धा दिवस. अबोली झाल्यावर तिने शाळा सोडली आणि काही वर्षं घरातच राहिली.

तोवर देशाची दारं उघडली होती. अट्टा मार्केटात जिथे शिलाई मशीनची दुरुस्ती चालायची तिथे काचेचे दरवाजे आले, आणि जिन्याजिन्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. वैजयंती भाजी आणायला जायची आणि त्या पाट्या वाचत उभी राहायची. एके दिवशी ती भाजीची पिशवी घेऊनच वर गेली आणि नाव घालून आली. वर्गातल्या मुली विशीच्या, ही छत्तिशीची. पहिल्या दिवशी सगळ्या तिला आंटी म्हणाल्या. परीक्षा जवळ आली तेव्हा त्याच मुली आंटीच्या घरी, तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून पोहे खात अभ्यास करत होत्या.

नोकरी मिळाली ती उत्तरा डिस्ट्रिब्युटर्समध्ये. ही कंपनी स्वतः औषधं बनवत नव्हती. कारखान्यांकडून घ्यायची, आपल्या गोदामांत ठेवायची आणि गावोगावच्या केमिस्टांना पुरवायची. मालक भल्लासाहेब चांदणी चौकाच्या घाऊक बाजारातल्या एका गाळ्यातून वर आलेले होते. उदारीकरणाचं वारं त्यांच्या शिडात असं भरलं की बघता बघता पानिपत, कर्नाल, रोहतक, मेरठ, आग्रा, जयपूर अशी चौदा गोदामं झाली. प्रत्येक गोदामाला एक सर्व्हर, म्हणजे त्या गोदामाचा सगळा माल आणि सगळी बिलं पोटात ठेवणारा मोठा कॉम्प्युटर. पण टेलिफोनच्या तारा इतक्या कच्च्या, की पानिपतची माहिती पानिपतलाच राहायची आणि मेरठची मेरठला. नोएडाच्या मुख्य ऑफिसला आठवड्यातून एकदा फॅक्स यायचा. तो वाचेपर्यंत त्यातला माल विकून झालेला असायचा.

वैजयंतीचा वरिष्ठ परीक्षित दाबके पुण्याचा होता. वय तिशीच्या आसपास, हुशार, जरा घाईचा. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणायचा आणि दोघंच असले की ताई. त्याचं म्हणणं असं, की रोज चौदाही ठिकाणची माहिती उचलून नोएडात आणावी आणि मग इथे हवं ते शोधावं. योजना चांगली होती. फक्त ती माहिती पूर्ण येऊन पोचली असा दिवस काही उगवत नव्हता. मध्येच कुठेतरी लाइन तुटायची आणि सगळं पहिल्यापासून.

वैजयंतीने एक वेगळा मार्ग धरून पाहिला. नोएडाच्या सर्व्हरला दूरच्या सर्व्हरची ओळख करून द्यायची आणि इथूनच तिथली माहिती विचारायची. पहिला प्रयोग पानिपतवर केला. एका गोळीचा साठा किती एवढंच तिने विचारलं. पडदा थिजला. चहा आला, गार झाला. मग पानिपतहून गोदामाचा ऑपरेटर सतबीर दहिया याचा फोन आला. "मैडम, ऐसा क्या पूछ लिया आपने? हमारी मशीन सोच में पड़ गई है. बाहर ट्रक खड़े हैं, एक बिल नहीं निकल रहा."

झालं होतं असं, की एका गोळीचा साठा शोधण्यासाठी नोएडाच्या सर्व्हरने पानिपतचं अख्खं टेबल, म्हणजे साठ्याचा सगळा तक्ता, हजारो ओळी, त्या बारीक तारेतून ओढायला घेतल्या होत्या. मूठभर डाळ हवी म्हणून कोठार पाठीवर घेऊन यायला सांगावं तसं. ऑफिसातली मराठी मंडळी म्हणाली, पहिल्याच स्वारीत पानिपत झालं म्हणायचं. वैजयंतीही हसली. घरी मात्र तिला जेवण गोड लागलं नाही.

मग तिला मार्ग दिसला. माल इथे आणून शोधायचा नाही. प्रश्नच तिकडे पाठवायचा, तिथल्या सर्व्हरने तो आपल्या घरात सोडवायचा आणि फक्त उत्तर इकडे द्यायचं. तारेतून चार ओळी जाणार, चार ओळी येणार. एवढं तिने लवकर साधलं. पण पुढे दुसरी अडचण उभी. चौदा गोदामं चौदा वेगळ्या माणसांनी मांडलेली. पानिपतात विक्रीच्या टेबलाचं नाव एक, मेरठला दुसरं, जयपूरला तर दर वर्षी नवं टेबल. एकच ठरलेला प्रश्न सगळीकडे चालेना. त्यामुळे प्रश्न आधी लिहून ठेवता येत नव्हता. आधी त्या सर्व्हरला विचारायचं की बाबा रे, तुझ्याकडे टेबलं कोणती आहेत, आणि त्याच्या उत्तरावरून खरा प्रश्न तिथल्या तिथे जुळवून पाठवायचा.

हा जुळवलेला प्रश्न अवतरणचिन्हांत बांधून पाठवावा लागे. पण प्रश्नाच्या पोटातही अवतरणचिन्हं असतात. सर्व्हरला वाटायचं, पहिलं चिन्ह दिसलं तिथे मजकूर संपला, आणि तो चूक म्हणून परत फेकायचा. आतलं चिन्ह दोनदा लिहिलं की त्याला कळतं. आणि आतल्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असला की दोनाचे चार. रविवारी सकाळी ती गच्चीत पेन्सिल घेऊन ती चिन्हं मोजत बसली होती. सुधाकरने विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, दोनाचे चार करतेय. तो म्हणाला, "छान. मुलीकडची माणसं कोण?" अबोली दहावीत होती. तिला हा विनोद कळेना. दोनाचे चार हात म्हणजे लग्न, हे तिला समजावून सांगावं लागलं, आणि मग ती उशिरा, एकटीच, खूप वेळ हसली.

प्रयोग चालला तेव्हा परीक्षितने मान डोलावली, पण तो लगेच राजी झाला नाही. त्याची शंका खरी होती. "ताई, तुम्ही पाठवलेला मजकूर तिकडे जाऊन हुकूम होतो. उद्या कुणी बॅच नंबराच्या जागी भलतंच काही टाइप केलं, साठा पुसून टाक असं, तर तो सर्व्हर तेही ऐकेल." वैजयंतीला त्याच्या बोलण्याचा राग आला नाही. उलट आपल्या हे ध्यानात कसं आलं नाही याचं तिला नवल वाटलं. दोघांनी मिळून त्यावर काम केलं. प्रश्न विचारणाऱ्या खात्याला फक्त वाचण्याचा हक्क ठेवला, लिहिण्याचा किंवा पुसण्याचा नाही. टेबलाचं नाव सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत असेल तरच घ्यायचं. आणि माणसाने टाइप केलेला बॅच नंबर प्रश्नाच्या वाक्यात चिकटवायचा नाही, तो शेजारी वेगळा पाठवायचा, म्हणजे तो कितीही वाकडा असला तरी नुसता नंबरच राहील. हे सगळं जमून आलं तेव्हा दोन हजार तीन सालचा उन्हाळा तोंडावर आला होता. भल्लासाहेबांना अजून कुणी काही दाखवलं नव्हतं. परीक्षित म्हणत होता, थोडं आणखी तपासू.

तपासायची वेळ आपणहून आली. मे महिन्यातली सकाळ होती. भल्लासाहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते खुर्चीत बसले नव्हते, खिडकीपाशी उभे होते. लहान मुलांच्या तापाचं एक सिरप बनवणाऱ्या कारखान्याचा फोन आला होता. एका बॅचमध्ये बाटल्यांवर लेबल सिरपचं लागलं होतं, पण आत थेंबांचं, कितीतरी पट तीव्र औषध भरलं गेलं होतं. जे थेंबाथेंबाने द्यायचं ते आई चमच्याने देणार. उत्तराने ती बॅच उचलली होती, आणि आठवड्यापूर्वी ती गोदामांना रवानाही झाली होती.

भल्लासाहेबांनी विचारलं, फॅक्स करून माहिती यायला किती दिवस? परीक्षित म्हणाला, सगळ्यांची यायला आठवडा. वैजयंतीच्या डोळ्यांपुढे अण्णासाहेब आले, चष्मा कपाळावर चढवून बाटली उजेडात धरणारे. ती म्हणाली, "सर, हम सीधे गोदामों से पूछ सकते हैं. अभी, यहीं से."

भल्लासाहेबांनी परीक्षितकडे पाहिलं. थोडं आणखी तपासू म्हणणारा परीक्षित म्हणाला, "हो सकता है, सर. मैडम ने बनाया है, मैंने देखा है."

ती आपल्या टेबलाशी बसली. बॅच नंबर टाइप केला, एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि प्रश्न सोडला. मागे ऑफिसातली माणसं गोळा झाली होती. मोडेमचा तो किरकिरा आवाज सुरू झाला. मेरठचं उत्तर आलं: इतकी खोकी गोदामात, इतकी विकली, विकली ती या या दुकानांना, दुकानांचे फोन हे. मग आग्रा. मग कर्नाल, जयपूर, रोहतक. एकेक ओळ पडद्यावर उमटत होती आणि शेजारी बसलेला परीक्षित ती कागदावर काढून फोन लावणाऱ्यांच्या हातात देत होता. विकू नका, वेगळं ठेवा, माणूस येतोय. दोन टेबलं पलीकडे हेच वाक्य हिंदीत एकसारखं ऐकू येत होतं.

पानिपत मात्र गप्प. तिने सतबीरने अडचणीसाठी देऊन ठेवलेला शेजारचा नंबर लावला. गोदामात वीज नव्हती आणि टेलिफोनची लाइन सकाळपासून मेलेली, तो शेजारच्या ब्लँकेटवाल्याच्या दुकानातून बोलत होता. वैजयंतीने त्याला सगळं सांगितलं. लहान मुलांचं औषध आहे म्हणाली. सतबीर म्हणाला, फोन ठेवा, थोड्या वेळाने याच नंबरावर मशीनला विचारा. मग त्याने जे केलं ते तिला नंतर कळलं: गोदामाचा जनरेटर चालू केला, ब्लँकेटवाल्याची टेलिफोनची तार भिंतीवरून ओढून आपल्या मोडेमला लावली, आणि तोवर त्या दुकानदाराला गल्ल्यावर फोनशिवाय बसवून ठेवलं. नोएडात पडद्यावर पानिपतची ओळ उमटली.

साठा शून्य. विक्री शून्य.

मागे कुणीतरी म्हणालं, चलो, पानिपत तो बच गया. वैजयंती हलली नाही. नोएडाच्या मुख्य गोदामातून चौदाही ठिकाणी मिळून किती खोकी रवाना झाली ते तिला ठाऊक होतं, आणि आलेल्या उत्तरांची बेरीज त्यापेक्षा अठरा खोक्यांनी कमी भरत होती. अठरा खोकी कुठेतरी होती. शून्य हे उत्तर असतं, तसंच प्रश्न चुकल्याची खूणही असते, हे तिने एकेकाळी शाळेतल्या मुलांना फळ्यावर शिकवलं होतं.

तिने प्रश्न बदलला. बॅच नंबर विचारायचा नाही, फक्त एवढंच विचारायचं की या सिरपच्या नावापुढे तुझ्याकडे कोणकोणते नंबर लिहिलेत. पानिपतने यादी पाठवली. नंबर तिथे होता. फक्त मधली आडवी रेघ नव्हती, तिथे मोकळी जागा होती. माणसाच्या डोळ्याला तोच, मशीनला परका.

आता खरी गंमत अशी, की हा प्रश्न तिने चौदा वेळा लिहिलेला नव्हता. एकाच ठिकाणी जुळत होता आणि तिथूनच प्रत्येक सर्व्हरचं रूप घेऊन बाहेर पडत होता. त्या एका ठिकाणी तिने एका ओळीची भर घातली: तुलना करताना रेघा आणि मोकळ्या जागा काढून टाक. आणि पुन्हा सोडला. पानिपतहून बारा खोकी आली. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना रोहतकहून आणखी सहा, तिथेही एका नव्या कारकुनाने नंबर तसाच मोकळा लिहिला होता. बारा आणि सहा. परीक्षितने बेरीज केली, मग वैजयंतीने केली, मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकही खोकं हिशेबाबाहेर राहिलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, आणि चारचौघांत तिला ताई म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही, "सगळं सापडलं."

पानिपतच्या बारांपैकी एक खोकं पानिपतजवळच्या समालख्याच्या एका केमिस्टकडे गेलं होतं. त्याचा फोन लागेना. सतबीर मोटरसायकल काढून निघाला. नोएडात इतर दुकानांचे निरोप येत राहिले: वेगळं काढलं, सील तसंच आहे, परत पाठवतोय. वैजयंती फोनपाशी बसून होती. डबा उघडलाच नव्हता. दुपार उतरताना सतबीरचा फोन आला. केमिस्टकडून एकच बाटली विकली गेली होती, त्याच सकाळी, मागच्या गल्लीत. सतबीर त्या घरी गेला. आजीने बाटली फळीवर ठेवली होती. ताप उतरला तर द्यायचीच नाही, म्हणून संध्याकाळची वाट पाहत होती. "सील लगी हुई है, मैडम. मेरे हाथ में है." त्याने दुसऱ्या कंपनीचं सिरप विकत घेऊन आजीला दिलं होतं आणि वर चहाही पिऊन आला होता.

वैजयंतीने फोन ठेवला. मग तिने पहिल्यांदा मागे पाहिलं. भल्लासाहेब दारात उभे होते, किती वेळ ते कुणास ठाऊक. ते पुढे आले, आणि ज्यांना कुणी कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं त्यांनी हात जोडले. ऑफिसात टाळ्या वाजल्या. कुणीतरी खाली पळत जाऊन जिलेबी घेऊन आलं, आणि कीबोर्ड चिकट होतील म्हणून परीक्षित ओरडत असताना त्याच्याच हातात दोन जिलेब्या होत्या.

घरी गेल्यावर तिने सुधाकरला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. अबोली मधेच म्हणाली, म्हणजे आई, तू इथे बसून समालख्याच्या त्या आजीच्या फळीपर्यंत गेलीस? वैजयंती म्हणाली, मी केमिस्टपर्यंत गेले, पुढे सतबीर गेला. मग तिला एकदम भूक लागली आणि तिने सकाळचा डबा उघडून तशीच गार भाजी-पोळी खाल्ली, आणि ती तिला फार चवदार लागली.

पुढच्या महिन्यात भल्लासाहेबांनी तिला चौदाही गोदामांच्या माहितीचं प्रमुख केलं. तुम्हाला आणखी काय हवं असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, गोदामांना स्वतःच्या चांगल्या लाइनी द्या, म्हणजे ब्लँकेटवाल्याचा फोन तोडावा लागणार नाही. त्या आल्या. मग ज्या कारखान्यांनी उत्तराला आजवर लहान म्हणून दारातही उभं केलं नव्हतं ते स्वतःहून आले. आमची बाटली कुठे आहे हे ज्यांना त्याच दिवशी सांगता येतं, त्यांच्याकडे माल द्यायला आम्ही तयार आहोत, असं एकाने लेखी कळवलं. परीक्षितने ते पत्र काचेखाली ठेवलं.

पावसाळा सरल्यावर वैजयंती पहिल्यांदा पानिपतला गेली. रेल्वेने गेली, खिडकीपाशी बसून. सतबीर स्टेशनवर आला होता. तिला तो आवाजावरून जाडजूड वाटला होता, तर हा काटकुळा, उंच, मिशा आखूड कापलेला. तिच्या कल्पनेतली मॅडमही निराळी असणार, कारण तोही क्षणभर तिच्या मागे दुसरं कुणी उतरतंय का ते पाहत होता. ब्लँकेटवाल्यानेही दुकानातून बाहेर येऊन नमस्कार केला. सर्व्हर एका चिंचोळ्या खोलीत होता. धूळ बसू नये म्हणून सतबीरने त्याच्यावर पानिपतच्याच हातमागाच्या चादरीचा एक चांगला तुकडा घातला होता.

"बैठिए," तो म्हणाला आणि त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली.

वैजयंती बसली. इतके दिवस ती नोएडाहून पानिपतला विचारत आली होती. आता तिने कीबोर्ड जवळ ओढला आणि पानिपतहून नोएडाला विचारलं, तुमच्याकडे आज माल किती. सतबीर तिच्या खांद्यावरून पाहत होता. उत्तर लगेच आलं, स्वच्छ, एका ओळीत. सतबीरने ती ओळ मोठ्याने वाचली आणि मग म्हणाला की आता त्यालाही एक विचारून पाहायचं आहे. वैजयंती उठली आणि तिने त्याला त्याची खुर्ची परत दिली.